नवं व्हेरियंट आलं, मग जुन्या इलेक्ट्रिक गाडीचं काय केलं : माझा अनुभव

आमची इलेक्ट्रिक गाडी पहिल्या लॉटमधली. मोठ्या बॅटरीचं नवं व्हेरियंट जाहीर झालं आणि गाडी घेताना 'एवढी कसली घाई?' म्हणणाऱ्या सगळ्यांचे हटकून फोन आले. गाडी कोणती ते मुद्दाम सांगत नाही, कारण पहिल्या लॉटवाल्या सगळ्यांचं रडगाणं साधारण सारखंच. निसान लीफ २०१० साली २४ किलोवॉट-तासांची (म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप) बॅटरी घेऊन आली, पुढे ३० झाली, मग ४०. बीएमडब्ल्यू आय३ची बॅटरी ६० अँपिअर-तासांवरून (हेही क्षमतेचंच माप) ९४ वर आणि नंतर १२० वर गेली. पेट्रोलच्या गाडीचा फेसलिफ्ट आला की बंपर आणि दिवे बदलतात, आपण दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. इथे बदलते ती बॅटरीच, म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तीच गोष्ट.

माझा पहिला प्रश्न अगदी भाबडा होता: नवी बॅटरी आमच्या गाडीत बसवून मिळेल का? विचारायला कारण होतं. आय३च्या पहिल्या मालकांना काही देशांत ९४ अँपिअर-तासांची बॅटरी बदलून घ्यायची सोय मिळाली होती, कारण बॅटरीतले सेल तेवढ्याच आकाराचे ठेवून त्यांत जास्त ऊर्जा बसवली होती. टेस्लाने जुन्या रोडस्टरसाठी मोठी बॅटरी काढली होती. शेव्रोले बोल्टची तर तऱ्हाच न्यारी. आगीच्या धोक्यामुळे रिकॉल निघाला आणि २०१७ ते २०१९च्या गाड्यांना बॅटरीचे नवे मॉड्यूल (सेलचे गठ्ठे) बसले, ते आधीपेक्षा मोठ्या क्षमतेचे. रेंज सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. नशीब असंही उघडतं.

आमचं उघडलं नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नुसतंच 'तसं करता येत नाही, साहेब' ऐकायला मिळालं. का, ते विचारल्यावर समोरचा मुलगा गोंधळला. शेवटी तिथल्या एका जुन्या टेक्निशियनने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. बॅटरी पॅकच्या कडेने ओळीने बोल्ट, पुढच्या बाजूला कूलंटचे, म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाचे पाइप, आणि आत शिरणारी ती जाडजूड नारिंगी केबल. "नवा पॅक जड आहे, म्हणून स्प्रिंगा बदलल्यात," तो म्हणाला. "वजन बदललं की गाडीला मिळालेली मंजुरी बदलते. आणि बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर या पॅकशी बांधलेलं आहे, दुसरा लावला तर गाडी चालूच होणार नाही." दहा मिनिटांत विषय संपला. काउंटरवर आधीच एवढं सांगितलं असतं तर माझे हेलपाटे वाचले असते.

मग सॉफ्टवेअरकडे वळलो. अपडेटमधून रीजनच्या (वेग कमी होताना बॅटरीत परत वीज भरण्याच्या) पातळ्या मिळाल्या, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय मिळाली, स्क्रीनवरचा रेंजचा अंदाज जरा शहाणा झाला. फुकटात एवढं मिळालं, तक्रार नाही. पण जे खरं हवं असतं ते अपडेटने येत नाही. गाडीतला ३.३ किलोवॉटचा चार्जर काही केल्या ७.२चा होत नाही. गाडीतून घरची उपकरणं चालवायची असतील तर वीज दोन्ही दिशांनी नेणारा चार्जर लागतो, आणि तो आत नसेल तर नाहीच.

राहिला मार्ग एक्सचेंजचा. त्याआधी बॅटरीची तब्येत बघून घेतली. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला (ओबीडी) डोंगल लावला, ॲपवर सेलचे व्होल्टेज उघडले. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक काही मिलिव्होल्टचा होता, म्हणजे एखादा सेल मागे पडलेला नाही. आरोग्य, म्हणजे मूळ क्षमतेपैकी उरलेली क्षमता, ९० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला क्षमता जरा भरभर उतरते आणि मग वेग मंदावतो, त्यामुळे हा आकडा बघून पोटात गोळा आला नाही. सर्व्हिस सेंटरकडूनही छापील रिपोर्ट घेतला. गंमत म्हणजे एक्सचेंजवाल्याने टायर पाहिले, ओरखडे मोजले, किलोमीटर लिहून घेतले, आणि त्या रिपोर्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने सांगितलेला भाव ऐकून तिथेच हात जोडले.

तरी नव्या गाडीचा मोह सुटत नव्हता, म्हणून आपल्याला नेमकं कुठे टोचतं ते एकदा बघायचं ठरवलं. चार्जिंगच्या नोंदी चाळल्या. रोजच्या वापरात बॅटरी निम्म्याखाली क्वचितच गेली होती. अडचण फक्त लांबच्या प्रवासात, आणि तिथेही रेंजची नाही. पहिलं फास्ट चार्जिंग झकास होतं. हायवेवर पळून बॅटरी तापलेली असताना दुसऱ्यांदा लावलं की वेग धपकन पडतो. ४० किलोवॉट-तासांच्या लीफवाल्यांनी हीच बोंब मारली होती. त्या गाडीत बॅटरी द्रवाने थंड करायची सोय नव्हती. आमच्यात पाइप आहेत, पण ते पुरे पडत नाहीत.

म्हणजे मला मोठी बॅटरी नको होती, पटकन आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी हवी होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ब्रोशर कधीच सांगत नाही. त्यात चार्जिंगच्या वेगाचे कमाल किलोवॉट ठसठशीत छापलेले असतात. तो आकडा काही मिनिटं टिकतो आणि मग उतरू लागतो. बघायचं ते १० ते ८० टक्के व्हायला लागणारा वेळ, आणि त्या वेळात किती किलोमीटर भरतात ते. रेंजच्या दाव्याचंही तसंच. युरोपात २०१७पासून रेंज मोजायच्या जुन्या एनईडीसी चाचणीऐवजी डब्ल्यूएलटीपी चाचणी लागू झाली, तिच्यात त्याच गाडीची रेंज कमी दिसते. दोन गाड्यांचे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांचे असतील तर ते शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

नव्या व्हेरियंटच्या टेस्ट ड्राइव्हला मी फास्ट चार्जरवर जायचा हट्ट धरला. सेल्समन कुरकुरला, पण आला. चार्जिंगचा कमाल वेग खरोखर जास्त होता. निम्म्यावर गेल्यावर तो आमच्या गाडीच्या जवळपास आला. बॅटरी मोठी असल्याने १० ते ८०चा वेळ तेवढाच. किलोमीटर जास्त भरले, हे मान्य. पण दुसऱ्या चार्जिंगचं काय, आणि चार्जरला पोचण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणायची सोय आहे का, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बुकिंग केलं नाही.

आता लांबच्या प्रवासात पहिल्या थांब्यावर ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि दुसऱ्या थांब्याआधीचा शेवटचा टप्पा जरा सावकाश चालवतो. फरक पडतो. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आरोग्य ७० टक्क्यांखाली गेलं तर. ती संपायच्या आत पुन्हा एकदा छापील रिपोर्ट काढायचा, तेवढं कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंय.