लोकांच्या गळी कसं उतरवता?

लालबाग-परळमधली दुकानं, मंडळं, छोट्या संस्था यांची संकेतस्थळं बनवून देणं हा माझा धंदा. खुल्या इंटरनेटबद्दल, म्हणजे कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर न चालणाऱ्या, सगळ्यांना सारख्या उघड्या इंटरनेटबद्दल, अधूनमधून भाषणही देतो, त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: "ज्याला 7.52 ची लोकल पकडायची आहे, त्याला याचं काय सोयरसुतक? कसं पटवता तुम्ही?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

तत्त्वं सांगून कुणी पटत नाही. खिशाला हात लागला की लगेच पटतं. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने इंटरनेटवरच्या कॉलना वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं. दुबईतल्या मुलाशी रोज स्काइपवर बोलणाऱ्या आईला मग वेगळं काही समजवावं लागलं नाही. ओरड झाली, बेत बारगळला. मार्च 2015 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, याच विषयावर लोकांकडून सूचना मागवल्या. शंभरावर पानांचा मसुदा, तोही सरकारी इंग्रजीत. किती जणांनी वाचला देव जाणे. पण एआयबी या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या गटाच्या पोरांनी हसवत हसवत व्हिडिओ काढला, स्वयंसेवकांनी तयार उत्तर हाताशी ठेवलं, आणि दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. (ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट जाहीर करून टाकले, तो भाग वेगळा.)

फेसबुकच्या फ्री बेसिक्सच्या वेळी, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं मोबाइलवर फुकट देण्याच्या योजनेच्या वेळी, मात्र घाम फुटला. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती, आणि आपण फुकटाला विरोध करणारे! मी एवढंच विचारायचो, "फुकट काय उघडेल याची यादी कोण करणार?" काहींना पटायचं, काही म्हणायचे, करू दे की. शेवटी 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली.

आताचं दुखणं त्याहून चिवट आहे, कारण बिल कुठेच वाढत नाही. उलट सोय होते. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आमच्या एका ताईंचा सगळा व्यवहार एका ॲपवर होता: ऑर्डरी, फोटो, गिऱ्हाइकांचे नंबर. एका सकाळी खातं बंद. कारण नाही, दाद मागायला माणूस नाही. कणीक मळून तयार आणि डबे कुणाला द्यायचे हेच ठाऊक नाही. तेव्हापासून भाषण कमी केलं. समोरच्याला विचारतो, "उद्या हे खातं गेलं, तर गिऱ्हाईक तुम्हाला कुठे शोधेल?" बहुतेक जण आधी हसतात, मग खिशातून फोन काढून बघतात.

मंडळांच्या पोरांना धंद्याची भीती घालून उपयोग नसतो. त्यांना मी जुन्या स्मरणिका काढायला सांगतो. कपाटातली चाळीस वर्षांपूर्वीची स्मरणिका कुणीही उघडून वाचू शकतो. पाच वर्षांपूर्वीच्या देखाव्याचे फोटो मात्र लॉगिन केल्याशिवाय दिसत नाहीत, आणि ते खातं ज्याच्या नंबरवर होतं तो आता बदलापूरला राहायला गेलाय. एका मंडळाने यावरून स्वतःचं संकेतस्थळ केलं. रोजच्या आरतीचे फोटो अजूनही ॲपवरच टाकतात, टाकू देत. पण नंतर इकडेही चढवतात. जमाखर्चात मंडपवाला आणि बेंजो यांच्यामध्ये डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, शुल्काची ओळ असते. "हे कशाचे पैसे?" असं सभेत कुणीतरी विचारतंच. उत्तर खजिनदार देतो, मला उठावं लागत नाही.