आमची वाटचाल: काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात

वडील एसटीच्या कुर्ला नेहरूनगर आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी भांडुपला, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत पत्र्याचं गॅरेज घेतलं. मी नुकताच आयटीआय करून बाहेर पडलो होतो. सुरुवातीला टॅक्सी आणि टेम्पो यायचे. २००० साली क्वालिस आणि बोलेरो आल्या, २००२ साली स्कॉर्पिओ आली आणि आमचं गिऱ्हाईक बदललं. आई-वडील, दोन मुलं, वर्षातून दोनदा कोकणातलं गाव, एवढं सगळं मावेल अशी गाडी लोक कर्ज काढून घेऊ लागले. त्या गाडीचं एक मोठं बिल म्हणजे घराचं महिन्याचं गणित कोलमडलंच. म्हणून वडिलांनी नियम घातला: काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि तो का काढला ते समजेल असं सांगायचं. तो नियम आजही चालू आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर आठवडाभर आमच्या गल्लीत गाड्यांची रांग होती. ज्यांनी पाण्यातली गाडी तशीच ढकलून आणली, त्यांचं बरंचसं काम ऑइल, फिल्टर, बेअरिंग आणि वायरिंग साफ करण्यावर भागलं. ज्यांनी ‘चालू होतेय का बघू’ म्हणून किल्ली फिरवली, त्यांची इंजिनं उघडावी लागली. एका इंजिनातून निघालेला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या शाफ्टशी जोडणारा दांडा) वडिलांनी उजेडात धरला, तर तो मधेच धनुष्यासारखा वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की रॉडच वाकतो. आजच्या डिझेल गाडीत हे काम लाखाच्या पुढे जातं आणि साध्या विम्यात ते बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. दर जूनमध्ये आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला हे फोन करून सांगतो. पाणी चाकाच्या निम्म्यावर गेलं की गाडी बंद करा आणि मग किल्लीला हात लावू नका.

कॉमन रेल डिझेल इंजिनं आली, म्हणजे एकाच नळीतून (रेलमधून) जोरात दाबलेलं डिझेल सगळ्या सिलिंडरना देणारी, तेव्हा आम्ही गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर घेतला. आणि तिथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. मुलुंडच्या एका काकांची सात सीटची गाडी सकाळी लवकर चालू होत नव्हती. स्कॅनरने रेलमधलं प्रेशर कमी दाखवलं आणि मी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलले, ७२ हजारांचं बिल. तीन आठवड्यांनी काका परत आले, तोच त्रास घेऊन. या वेळी वडिलांनी डिझेल फिल्टरच्या पुढे एक पारदर्शक नळी जोडली आणि सेल्फ मारायला सांगितला. नळीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली. फिल्टरकडे येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली केसाएवढी चीर होती, तिथून हवा ओढली जात होती. पाइप मिळाला चारशे रुपयांत. काकांचे पैसे आम्ही पाच महिन्यांत हप्त्यांनी परत केले. ते अजूनही आमच्याकडेच येतात. तेव्हापासून नळी लावून बघितल्याशिवाय आणि प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं (रिटर्न) डिझेल बाटलीत मोजल्याशिवाय आम्ही इंजेक्टरला हात लावत नाही. स्कॅनर कुठे बघायचं ते सांगतो, काय बिघडलंय ते आपण शोधायचं.

मुंबईत सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे खड्ड्यातली खडखड. ‘पूर्ण सस्पेन्शन गेलंय’ असं ऐकून घाबरलेली माणसं येतात. आम्ही गाडी रॅम्पवर घेतो, टॉमी (लोखंडी पहार) लावून एकेक जोड हलवून दाखवतो. कित्येकदा सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे, म्हणजे लिंक रॉडच ढिले निघतात, जोडी मजुरीसकट अडीच-तीन हजारांत होते. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचा रबरी बुश फाटला असेल तर खर्च वाढतो, चारही शॉकप बदलायचे तर वीस हजारांच्या वर जातो. क्लचचं म्हणाल तर ट्रॅफिकमध्ये पाय पेडलवर ठेवून रांगणं हेच त्याचं मरण. साधा सेट पंधरा ते वीस हजार. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळची, झटके शोषणारी दोन भागांची जड चकती) असलेल्या गाडीत तेही गेलं तर पन्नास हजार धरूनच चला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) आलं आणि डीपीएफ (डिझेलच्या धुराचा फिल्टर) हा नवा विषय सुरू झाला. डिझेलची काजळी हा फिल्टर अडवतो आणि ती सुमारे ६०० अंशांवर जाळतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग एका वेगात धावावी लागते. आमच्या एका ताईंची गाडी रोज शाळा, भाजी, क्लास एवढंच फिरायची, एका वेळी तीन किलोमीटर. काजळी जाळायला घेतली की गाडी बंद, असं महिनोन्महिने. डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर चढलेलं आणि त्याला डिझेलचा वास! काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. आम्ही स्कॅनर लावून फिल्टर साफ केला, ऑइल बदललं, आणि रविवारी ठाण्यापुढे नाशिक हायवेला अर्धा तास गाडी पळवायला सांगितलं. सगळं मिळून साडेनऊ हजारांत झालं. नवा फिल्टर लाखाच्या घरात गेला असता. ‘फिल्टर काढूनच टाका’ म्हणणारे पुष्कळ येतात. ते काम आम्ही करत नाही. तो धूर आपल्याच मुलांच्या नाकात जातो. रोजचं फिरणं एवढंसंच असेल तर डिझेल घेऊच नका, हे नवी गाडी बघायला निघालेल्यांना मी स्पष्ट सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फरक बिलात वेगळा दिसेल असा आम्ही लिहितो.

वडील आता रोज येत नाहीत. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र खुर्ची टाकून बसतात. सात माणसं आणि वर कॅरिअरवर सामान घेऊन गाडी घाट उतरणार, म्हणून ब्रेक ते स्वतः बघतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की उतारावर तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षं झाली असतील तर ते बदलल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा त्यांचा हुकूम आहे. खर्च हजार-बाराशे.

यंदाच्या गणपतीआधीच्या कामांची वही उघडली आहे. येताना एवढं आठवून या: आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, वळताना येतो की खड्ड्यात, आणि पहिल्यांदा कधी ऐकला.