शके १९४७ च्या आदल्या संध्याकाळी

बालीतल्या डेनपासार शहरात राहायला येऊन मला आठ महिने झाले असतील, तेव्हा घरमालकीणबाईंनी एका सकाळी पोचे आलेले एक पातेले आणि लाकडी डाव माझ्या हातात ठेवला आणि शुक्रवारी संध्याकाळी ते बडवत घराच्या प्रत्येक खोलीतून, मग अंगणातून फिरायचे आहे, असे बजावले. बालीत वयाने मोठ्या बाईला 'इबू', म्हणजे आई, असे म्हणतात. मी परका माणूस, माझा हात या विधीला चालेल का, असे मी चाचरत विचारले, तेव्हा इबूंना माझा प्रश्नच कळला नाही. "तुम्ही भारतातले, म्हणजे हिंदूच. तुम्हाला हे ठाऊक असणारच," असे त्या म्हणाल्या. मला यातले काहीही ठाऊक नव्हते.

तो शुक्रवार २८ मार्च २०२५ चा. दुसऱ्या दिवशी बालीत न्येपी, म्हणजे शक १९४७ चा पहिला दिवस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डोंबिवलीत पाडवा, शके १९४७. जे साल आमच्याकडे पंचांगावर आणि लग्नपत्रिकेवर छापले की विस्मरणात जाते, त्या सालाच्या आरंभाला इंडोनेशियात १९८३ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. आपले साल चैत्रात, पहिल्या महिन्यात बदलते. यांचे मात्र नववा महिना संपून दहावा लागताना बदलते. हे कोडे मी इबूंपुढे मांडले, पण त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही.

पातेले बडवण्याचे कारण मात्र त्यांनी नीट सांगितले. दुपारी चौकाचौकांत नैवेद्य दाखवून भूतकाळाला, म्हणजे भुते आणि काळ या उपद्रवी शक्तींना, जेवू घातलेले असते. जेवण झाल्यावर त्यांनी रेंगाळू नये म्हणून संध्याकाळी मशाली, धूर आणि गोंगाट करून त्यांना हुसकून लावायचे. 'भूतकाळ' या शब्दाचा असा अर्थ ऐकून मी क्षणभर थांबलो, पण इबू तोवर स्वयंपाकघरात पोहोचल्या होत्या आणि त्यांचे पातेले माझ्यापेक्षा मोठ्याने वाजत होते.

अंधार पडल्यावर आम्ही चतुर्मुख पुतळ्याच्या चौकाकडे निघालो. चौकाला येथे 'चातुस पाता' म्हणतात. तो आपला चतुष्पथ आहे, हे मला तेथे उभे राहिल्यावर सुचले. प्रत्येक वस्तीच्या, म्हणजे बंजारच्या, तरुणांनी कित्येक आठवडे खपून बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ 'ओगोह-ओगोह' उभे केलेले होते, आणि बांबूच्या जाळीदार चौकटीवर पेललेले ते राक्षस मुले चौकात आणून गरागरा फिरवत होती. ही फेरी उलटी असते, प्रदक्षिणेच्या विरुद्ध दिशेने, आणि तीनदा. देवाभोवती उजवीकडून फिरण्याची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ते पाहताना सारखे काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले.

आवाजाचे सांगायचे तर मी फडके रोडवरच्या शोभायात्रेत चार वर्षे ढोल वाजवलेला माणूस आहे, त्यामुळे मोठा आवाज मला नवा नव्हता. आमच्या पथकात पन्नास ढोल असले तरी सगळे मिळून एकच ठोका देतात, ताशा त्यांना हाकतो, आणि तो एकजुटीचा ठोका छातीत उतरतो. 'बलेगांजुर' या चालत्या वाद्यवृंदाची रचना वेगळी आहे. त्यातल्या झांजा, ज्यांना 'चेंगचेंग' म्हणतात, त्या वाजवणाऱ्यांमध्ये ठोके वाटून दिलेले असतात. एकाने सोडलेल्या जागेत दुसरा वाजवतो, तिसरा उरलेली फट भरतो, आणि कोणा एकालाही वाजवता येणार नाही इतक्या वेगाचा अखंड खणखणाट तयार होतो. मी एका पोराच्या हातांकडे टक लावून पाहिले, तर त्याचे ठोके चक्क विरळ होते. एका वस्तीने मात्र गाडीवर भिंतीएवढे स्पीकर चढवून आणले होते, आणि त्यांच्या आवाजात ही सगळी वीण बुडून गेली, तेव्हा मला घरच्यासारखे वाटले, हे कबूल करायला हवे.

रात्री उशिरा सगळे एकदम थांबले. सकाळी सहापासून पुढच्या सकाळी सहापर्यंत चार नियम पाळायचे: 'अमाती गेनी', ज्यातला गेनी म्हणजे आपला अग्नी, म्हणून दिवाही नाही, 'अमाती कार्य', काम नाही, प्रवास नाही आणि करमणूक नाही. विमानतळ बंद, आणि २०१८ पासून मोबाइलचा डेटाही बंद. हुसकलेली भुते परत आलीच, तर बेट ओसाड समजून त्यांनी निघून जावे, अशी त्यामागची समजूत आहे. परक्यालाही यातून सूट नाही. संध्याकाळी मी सवयीने स्नानगृहातला दिवा लावला, तर बाहेरून शिट्टी वाजली. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेला 'पेचलांग', म्हणजे वस्तीचा रखवालदार, फाटकाशी उभा होता. इबूंनी आतून हलक्या आवाजात माझ्या वतीने माफी मागितली, आणि मग त्या अंधारात, आदल्या रात्री एवढ्या गर्दीत राहूनही कधी ऐकू न आलेले, शेजारच्या घरातल्या बाळाचे रडणे मला स्पष्ट ऐकू आले.

रविवारी सहाला डेटा सुरू झाला. आईचे आदल्या दिवसाचे चार संदेश एकापाठोपाठ आले, शेवटचा होता, "अरे, फोन का लागत नाही? उद्या पाडवा आहे, गोडाचे काही खा." उत्तर म्हणून मी तिला चौकातल्या खणखणाटाचे ध्वनिमुद्रण पाठवले. दुपारी तिचा निरोप आला की गल्लीत ढोल चालू असल्यामुळे तिला त्यातले काही ऐकू आले नाही.