फ्युएल ट्रिमचे आकडे आणि चिरलेली रबरी नळी

माझ्या २००९ सालच्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा लागला आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडलेल्या छोट्या स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गॅरेजमधील मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलण्याचा सल्ला दिला. परंतु तो भाग स्वस्त नसल्याने आधी स्कॅनरवरील आकडे नीट समजून घ्यावेत, असे मी ठरवले.

सुरुवातच चुकली. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, लाँग टर्म ट्रिम अधिक १९ टक्के आणि शॉर्ट टर्म ट्रिम अधिक ५ टक्के दिसत होती, आणि ते अधिक चिन्ह पाहून इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जात आहे, असा उलटाच अर्थ मी लावला. वास्तविक ट्रिम हे मिश्रणाचे मोजमाप नसून ईसीयूने (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाने) पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती असते. ऑक्सिजन सेन्सर हवा जास्त असल्याचे कळवतो, म्हणून ईसीयू आपल्या मूळ हिशेबापेक्षा तेवढे टक्के पेट्रोल वाढवते. शॉर्ट टर्म क्षणोक्षणी बदलते आणि तिचा कल एकाच बाजूला टिकून राहिला की तो लाँग टर्ममध्ये मुरतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज पाहावी लागते. माझी बेरीज २४ होती.

मात्र एकट्या आयडलच्या आकड्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर मी गाडी उभी ठेवूनच २५०० आरपीएम धरले, तेव्हा बेरीज ९ वर उतरली, आणि खरा धागा येथे मिळाला. आत जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरनंतर, त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये कोठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असेल, तर आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेत असल्यामुळे तिचा वाटा मोठा असतो आणि आरपीएम वाढल्यावर तो नगण्य होतो. पेट्रोल पंप अशक्त असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर चढावर, भार पडल्यावर आकडा उलट वाढला असता. (एमएएफऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधील दाब मोजणाऱ्या गाड्यांना हा ठोकताळा जसाच्या तसा लागू होत नाही, कारण गळतीतून आलेली हवाही त्या दाबात मोजली जाते.)

ऑक्सिजन सेन्सरवरचा आरोपही तपासला. अॅक्सिलरेटर झटकन दाबल्यावर त्याचे व्होल्टेज ०.८ च्या वर (पेट्रोल जास्त) जात होते आणि सोडल्यावर ०.१ च्या आसपास (हवा जास्त) येत होते. सेन्सर इमानदारीने काम करत होता. त्यानंतर इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यांवर कार्ब क्लीनरचे अगदी थोडे फवारे मारत शॉर्ट टर्मवर लक्ष ठेवले; गळतीतून तो आत ओढला गेला की इंधनासारखा जळतो आणि ईसीयू पेट्रोल कमी करते. तापलेल्या इंजिनावर हा ज्वलनशील द्रव मारणे धोक्याचे आहे; गॅरेजमध्ये स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र) असेल तर तेच वापरावे. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधील वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या) रबरी नळीच्या वळणाजवळ फवारा जाताच शॉर्ट टर्म एकदम उणे झाली. नळी खालच्या बाजूने, वरून मुळीच दिसणार नाही अशी चिरली होती. सेन्सरच्या तुलनेत नळी किरकोळ किमतीत आली.

नळी बदलून, कोड पुसून चार दिवस गाडी चालवल्यावर आयडलला ७ आणि २५०० आरपीएमलाही ७ अशी बेरीज स्थिरावली. आकडा शून्यावर का येत नाही, म्हणून मी आणखी एक रविवार गळती शोधण्यात घालवला. मग लक्षात आले की सगळीकडे सारखाच असलेला आकडा गळतीचा नसतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर पंपावर मिळणाऱ्या ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे १३.५ पट, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या ईसीयूला सात-आठ टक्के इंधन वाढवावेच लागते. तेव्हापासून या गाडीसाठी मी ७ लाच शून्य मानतो, आणि दिवा पुन्हा लागलेला नाही.