माशीला गोड लागतं, हे कसं ठरवायचं?

स्मरणिकेसाठी संपादकांनी आठवणी मागितल्या होत्या. त्या इतरांकडून भरपूर येतील. मी माझ्या माश्यांवरच्या कामाबद्दल लिहितो, कारण ‘माशीवर कसलं आलंय संशोधन?’ हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हमखास येतो.

या कामाचा आपल्याकडचा जुना पत्ता म्हणजे कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकींनी 1962 साली तिथे रेणवीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते चेतासंस्थेकडे वळले. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, नैरोबीत जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनहून शिकून त्यांच्याकडे पीएच.डी.ला आल्या. माशीचं जनुक बिघडलं तर तिची चव ओळखण्याची क्षमता बिघडते का, हे त्यांना शोधायचं होतं.

माशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावते ती चिलटाएवढी फळमाशी, ड्रॉसोफिला. 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात. तापमान 30 अंशांवर गेलं की नर नापीक होऊ लागतात, त्यामुळे एसीवर पहिला हक्क माश्यांचा!

माशीच्या पायांवर चव ओळखणारे केस असतात. उपाशी माशीच्या पुढच्या पायाला साखरपाणी लागलं की ती सोंड बाहेर काढते, आणि चाचणी उभी आहे ती एवढ्यावरच. तीन ते पाच दिवसांच्या माश्या 18 ते 24 तास नुसत्या ओल्या टिश्यूवर ठेवायच्या. टिश्यू कोरडा पडला तर त्या भुकेनं नव्हे, तहानेनं मरतात. मग बर्फावर गार करून पाठ नेलपॉलिशच्या थेंबानं काचपट्टीला चिकटवायची आणि ओलसर डब्यात तास-दोन तास सावरू द्यायचं. घाईत इथेच फसायला होतं. अर्धवट सुन्न माशी सोंड काढत नाही, आणि वहीत मात्र ‘चव नाही’ अशी नोंद होते.

साखर दाखवण्याआधी माशीला पोटभर पाणी पाजायचं. तहानलेली माशी साध्या पाण्यालाही सोंड काढते, म्हणून ती पाणी नाकारू लागली की मगच साखर. सौम्य द्रावणापासून चढत जायचं. नेहमीचं 100 मिलिमोलर (हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक, 1000 मिलिमोलर म्हणजे 1 मोलर) द्रावण हवं असेल, तर 3.4 ग्रॅम साखर घेऊन द्रावण 100 मिलिलीटर करायचं. थेंब फक्त पायाला लावायचा आणि सोंड बाहेर आली की लगेच मागे घ्यायचा. माशी प्यायली की भूक गेली आणि पुढचे आकडे वाया गेले. शेवटी 1 मोलरचं घट्ट द्रावण. त्यालाही सोंड आली नाही, तर ती माशी हिशेबातूनच वगळायची.

तरी सोंड न येण्याचं कारण चवीच्या केसात आहे, मेंदूत आहे की स्नायूत, हे यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोड, म्हणजे चेतापेशीतली विजेची स्पंदनं टिपणारं साधन, लागतो. 1955 साली हॉजसन, लेटविन आणि रोडर यांनी काढलेली युक्ती आजही वापरात आहे. बारीक काचनळीत साखर आणि किंचित क्षार घालून तिचं टोक एकाच केसावर टोपीसारखं चढवायचं. केसाच्या टोकाला छिद्र असतं, त्यामुळे तीच नळी चवही देते आणि विद्युत स्पंदनंही टिपते. दुसरा इलेक्ट्रोड माशीच्या अंगात.

यात दगा देतं ते नळीचं टोक. पाणी उडून तिथलं द्रावण घट्ट होतं आणि साखर ठरवल्यापेक्षा जास्त भरते, म्हणून दर वेळी टोकाचा थेंब टिपकागदानं ओढून काढायचा. एकाच केसाला लागोपाठ तपासलं तर चेतापेशी मंदावते, तेव्हा मध्ये निदान मिनिटभर थांबायचं. पडद्यावर एकसारखी 50 हर्ट्झची लाट दिसली, तर ती माशीची नाही, भिंतीतल्या विजेची. अर्थिंग तपासा, दिवा बंद करा.

वर्तन आणि स्पंदनं अशी दोन्ही जोडून पाहिल्यावरच रॉड्रिग्ज-सिद्दीकींना 1981 साली नेमकं बोट ठेवता आलं: त्यांच्या एका उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) माशीत ग्लुकोजसारख्या पायरनोज, म्हणजे सहा अणूंचं कडं असलेल्या, साखरांचा ग्राही (त्या साखरा ओळखणारा पेशीवरचा रेणू) सदोष होता. म्हणजे ‘गोड’ ओळखायला माशीकडे एकच कुलूप नाही, वेगवेगळ्या साखरांसाठी वेगळी सोय आहे. चवीची ग्राही जनुकं प्रत्यक्ष हाती लागायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.