आमची वाटचाल : नाजूक त्वचा आणि वनस्पतींचे अर्क

आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि कपूरकाचरी कुटून दिवाळीचे उटणे विकण्यापासून पुण्यातील आमच्या छोट्या उद्योगाची सुरुवात झाली. पुढे गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून रीतसर परवाना घेऊन आम्ही क्रीम बनवू लागलो. नाजूक त्वचेसाठीच्या पहिल्या क्रीममध्ये आम्ही कॅमोमाइलचा अर्क घातला, कारण तो दाह शमवतो असे वाचले होते आणि वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत आमच्याही मनात पक्की होती.

पुरंदर तालुक्यातील एका शेतकरी ताईंना ते क्रीम लावून आठवडा होतो न होतो तोच त्यांच्या पापण्या सुजल्या आणि मानेच्या वळ्या लाल होऊन पाझरू लागल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावून त्या ४८ तासांनी काढल्या व ९६ तासांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा दोनच जागी पुरळ उठले होते : एक आमच्या क्रीमच्या जागी आणि दुसरे गाजरगवताच्या.

१९५०च्या दशकात पुणे परिसरात नोंदले गेलेले हे तण पुढे देशभर पसरले. कॅमोमाइल, शेवंती, सूर्यफूल ही सारी त्याच कुळातील असून या कुळातील अनेक वनस्पतींत सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची द्रव्ये असतात. वर्षानुवर्षे खुरपणी करताना गाजरगवताची ॲलर्जी जडलेली त्वचा, तशीच द्रव्ये दुसऱ्या फुलातून आली तरी पेटून उठू शकते. म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही औषध समजून क्रीम करत होतो, त्या आमच्याच शेतकरी बायकांना त्याचा धोका अधिक होता, याचे आम्हाला फार वाईट वाटले. ताईंच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली आणि विकलेला सारा माल परत मागवला.

त्यानंतर प्रत्येक घटक नव्याने तपासला. सोरॅलेनमुळे उन्हात त्वचा भाजू शकते म्हणून बावची वगळली. हवेशी संयोग झालेले लिमोनीन ॲलर्जी आणू शकते म्हणून संत्र्याचे तेलही काढून टाकले. कोरफड ठेवली, परंतु तिची पाने कापल्यावर आम्ही ती बादलीत उभी करून ठेवतो, सालीखालचा कडू पिवळा चीक पूर्ण निथळू देतो आणि मगच गर काढून धुतो.

आता नव्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी लहान डबी देतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहण्यास सांगतो. फोनवर मागणी नोंदवतानाचा आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : "गाजरगवताचा त्रास होतो का?"