किल्लारीची जुनी आणि नवी छायाचित्रे एका भिंतीवर मांडताना

लातूरच्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांचे प्रदर्शन मांडण्याचे काम माझ्याकडे आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर परिसरात त्यांनी टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे आणि तिथल्याच पुनर्वसित गावांमधली त्यांची अलीकडची रंगीत छायाचित्रे शेजारी शेजारी लावायची होती.

जुने काम यशिका कॅमेऱ्यावरचे होते. चौरस चौकट, एका रोलमध्ये बारा चित्रे. काही निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, सोडवून, वाळवून मग स्कॅन केल्या.

खरा प्रश्न जोड्यांचा होता. पहिली मांडणी स्थळानुसार झाली : कोसळलेल्या माळवदाशेजारी काँक्रीटचे घर, अरुंद बोळाशेजारी रुंद, सरळ रस्ता. त्यातून गावे कशी बदलली ते कळत होते, परंतु छायाचित्रकार कुठेच दिसत नव्हता आणि प्रदर्शन तर त्यांच्या नजरेचे होते.

सगळे प्रिंट जमिनीवर पसरून पाहताना उत्तर सापडले. त्या यशिकाच्या काचेत वरून पाहावे लागते. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून चित्र घ्यायचे असते. त्यामुळे ढिगाऱ्यावर बसलेली माणसे आपल्या समोरासमोर येतात आणि उभी माणसे उंच भासतात. आता सर डिजिटल कॅमेरा डोळ्याला लावतात, तरीही नव्या चित्रांतली उंची तीच आहे, कारण ते उंबऱ्यावर बसून किंवा गुडघे टेकून चित्र घेतात. विचारल्यावर म्हणाले, "सवयच लागली हो. उभं राहून काढला की समोरचा माणूस बारका दिसतो." मग जोड्या उंचीवरून आणि अंतरावरून लावल्या. मातीतून ज्वारी वेचणाऱ्या बाईशेजारी अंगणात तूर निवडणाऱ्या आजी आल्या. गावे वेगळी असूनही जोडी अचूक बसली.

मृतांचे चेहरे ओळखू येतील असे एकही चित्र लावायचे नाही, हे सरांनी प्रारंभीच सांगितले होते आणि मला ते पूर्णपणे पटले. वाचलेल्यांपैकी जे ओळखू येत होते, त्यांच्या घरी प्रिंट घेऊन गेलो. एका कुटुंबाने नकार दिला, म्हणून ती जोडीच काढली, जरी माझ्या मते ती सर्वांत समर्थ होती. एका आजींनी होकार देताना अट घातली : "माझं नाव नको, गावाचं घाला." तीच पद्धत आम्ही सर्व चित्रांसाठी स्वीकारली, प्रत्येक चित्राखाली केवळ गाव आणि वर्ष.

शेवटी चौरस आणि आडव्या चौकटींची उंची समान ठेवली. चित्राचा मध्य सामान्यतः जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर ठेवतात. आम्ही तो थोडा खाली घेतला, म्हणजे गावांहून येणाऱ्या वृद्धांना खुर्चीवर बसूनही चित्रे नीट पाहता येतील.